रुपेरी पुडी

स्वयंपाक म्हटला की डोळ्यांपुढे उभी राहते ती सतत चाललेली हालचाल. कढईत उलथणे फिरत असते, पातेल्यावरचे झाकण क्षणोक्षणी उचलले जाते, रश्श्याचा थेंब तळहातावर घेऊन चाखला जातो आणि मीठ कमी की तिखट जास्त याचा निवाडा होतो. पदार्थ चांगला व्हायचा तर त्याच्याकडे सारखे लक्ष पुरवले पाहिजे, अशी सुगरणींची समजूत आहे, आणि ती खोटी नाही. परंतु जपानच्या घराघरांत एक असा पदार्थ होतो की, तो विस्तवावर ठेवल्यानंतर त्याला कोणी ढवळीत नाही, चाखीत नाही. इतकेच काय, तो डोळ्यांना दिसतही नाही. अळंबीचे काही तुकडे, लोण्याचा एक लहानसा गोळा आणि चिमूटभर मीठ एवढा ऐवज ॲल्युमिनियमच्या चकचकीत कागदात बांधायचा, ती पुडी विस्तवावर ठेवायची आणि मग स्वस्थ वाट पाहायची, एवढीच त्याची कृती. या पदार्थाला जपानी लोक 'होइरु-याकी' म्हणतात. 'होइरु' म्हणजे फॉइल, अर्थात धातूचा पातळ कागद. आणि 'याकी' म्हणजे भाजलेले. नाव साधे, कृती त्याहून साधी. पण ओंजळीत मावणाऱ्या या रुपेरी पुडीत शास्त्राचे काही नियम आणि डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांची एक मोठी कहाणी बांधलेली आहे.

जपान हा बेटांचा आणि डोंगरांचा देश आहे. त्याच्या भूमीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आजही अरण्याने झाकलेला आहे. सप्टेंबर सरू लागला आणि हवेत गारवा आला, की या अरण्यांचा रंग पालटू लागतो. मेपलची पाने लाल होतात, गिंकोची पिवळी होतात, आणि गळलेल्या पानांच्या ओलसर थराखालून अळंबी डोके वर काढते. नवा तांदूळ, चेस्टनट, रताळी, मासे आणि अळंबी यांनी बाजार भरून जातो. जपानी लोक या दिवसांना 'भुकेचा शरद' म्हणतात. उन्हाळ्याच्या उकाड्यात मंदावलेली भूक या ऋतूत पुन्हा प्रदीप्त होते, असा त्याचा अर्थ.

अळंबीच्या जपानी नावांत तिचे चरित्रच सांगितलेले असते. 'ताके' म्हणजे अळंबी. 'शिइ' नावाच्या झाडाच्या लाकडावर उगवणारी ती शिइताके. 'मात्सु' म्हणजे पाइन वृक्ष. त्याच्या मुळांच्या आश्रयाने वाढणारी ती मात्सुताके. 'एनोकी' नावाच्या झाडाशी नाते सांगणारी ती एनोकिताके. 'माइ' म्हणजे नृत्य. म्हणून माइताके ही नाचरी अळंबी. तिच्या झालरीसारख्या कडा पाहून हे नाव पडले, असे काही जण म्हणतात. तर रानात ती सापडली की सापडवणारा आनंदाने नाचू लागे म्हणून पडले, असे दुसरे सांगतात. 'सुगंध मात्सुताकेचा, चव शिमेजीची' अशी एक म्हणही तिकडे आहे. मात्सुताके मात्र जिवंत पाइन वृक्षाच्या मुळांशीच वाढते. तिची व्यापारी लागवड साधलेली नाही, त्यामुळे ती फार महाग असते. शिइताके, शिमेजी, एनोकिताके आणि माइताके यांची लागवड होते, म्हणून त्या बारमाही आणि माफक किमतीत मिळतात. घरच्या पुडीत बहुधा जातात त्या याच.

रानात उगवलेल्या अळंबीची गोष्ट निराळी. जपानात 'त्सुकियोताके' म्हणजे 'चांदण्या रात्रीची अळंबी' नावाची एक जात आहे. काळोखात ती मंद प्रकाशते. नाव मोहक, रूप शिइताकेसारखे साधे. पण ती विषारी असते, आणि जाणत्या माणसांचीही तिने फसगत केलेली आहे. विषारी अळंबी कोणती आणि खाण्याजोगी कोणती, हे ओळखण्याची एकही सोपी खूण नाही. जपानच्या रानात काय किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी काय, पावसात उगवलेले प्रत्येक भूछत्र सुंदर दिसते. परंतु ते पाहावे आणि पुढे जावे, यातच शहाणपण असते.

आता पुडी कशी बांधतात ते पाहू जाता, जपानी स्वयंपाकघरातील आजी प्रथम करते ती गोष्ट म्हणजे अळंबी पाण्यात न बुडवणे. पाण्यात बुडवली तर तिचा स्वाद पातळ होतो, अशी समजूत आहे. म्हणून ओलसर फडक्याने ती अलगद पुसतात. शिइताकेचा दांडा चिवट असतो, तो कापून टाकतात आणि तिच्या टोपीचे जाडसर काप करतात. शिमेजी आणि एनोकिताके यांचा जुडगा मुळाशी कापून हातानेच मोकळा करतात. माइताकेच्या पाकळ्या बोटांनी फाडतात; सुरीने कापलेल्यापेक्षा फाडलेल्या कडांत रस अधिक मुरतो. मग वीतभराहून थोडा मोठा फॉइलचा तुकडा पसरून त्याच्या मधोमध लोण्याचे बोट फिरवतात, म्हणजे पदार्थ चिकटत नाही. त्यावर कांद्याच्या चार चकत्या, कांद्यावर अळंबीचा ढीग, ढिगावर मिठाची चिमूट आणि शेवटी लोण्याचा गोळा. जेवणाचा मुख्य पदार्थ करावयाचा असेल तेव्हा तळाशी रावस जातीच्या नव्हे, तर त्या थंड समुद्रात मिळणाऱ्या सामन माशाची एखादी तुकडी ठेवतात.

यानंतरचे काम पुडी बांधण्याचे, आणि सारे कौशल्य त्यातच आहे. फॉइलच्या समोरासमोरच्या दोन कडा वर घेऊन एकमेकींवर जुळवतात आणि दोन-तीन वेळा दुमडतात. मग दोन्ही टोके तशीच दुमडून बंद करतात. दुमड घट्ट हवी, पण पुडी घट्ट नको. आतल्या जिनसांवर थोडी पोकळी राखावी लागते. नवख्या मुलांना ही पोकळी व्यर्थ वाटते आणि ती कागद चापूनचोपून बसवू लागतात. पण त्या रिकाम्या जागेचे मोल पुढे कळते. तयार पुडी जाड तव्यात ठेवून त्यात थोडे पाणी घालतात, वर झाकण ठेवतात आणि मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटे तशीच राहू देतात. काही घरांत ती मासे भाजण्याच्या जाळीवर किंवा विजेच्या भट्टीत ठेवतात. मायक्रोवेव्हच्या पेटीत मात्र फॉइल कधीही ठेवीत नाहीत. कारण तेथे धातूतून ठिणग्या उडतात.

पुडीत पाण्याचा एक थेंबही घातलेला नसतो. मग अळंबी शिजते कशी? ती शिजते स्वतःच्याच पाण्याने. ताज्या अळंबीच्या वजनाचा सुमारे नऊ दशांश भाग पाणीच असते. पुडी तापू लागली की हे पाणी बाहेर येते, त्याची वाफ होते, आणि वाफेला जागा फार लागते. पेलाभर पाण्याची वाफ झाली, तर ती सुमारे सतराशे पेल्यांएवढी जागा व्यापते. आजीने राखलेली पोकळी वाफेसाठी असते ती अशी. बाहेर पडायला वाट नसल्यामुळे वाफ पुडीत भरून राहते, पुडी हळूहळू फुगते, आणि वाफेचे थेंब होऊन पुन्हा अळंबीवर पडतात. बाहेर विस्तव कितीही प्रखर असला, तरी आत पाणी शिल्लक आहे तोवर तेथील उष्णता शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. म्हणून अळंबी करपत नाही. ॲल्युमिनियम वितळायला तर 660 अंश लागतात. त्यामुळे एका मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका पातळ असूनही तो कागद आपले काम निश्चिंतपणे बजावतो.

कोणतीही पालेभाजी इतका वेळ वाफेत राहिली तर तिचा लगदा होईल. अळंबीचा होत नाही. कारण अळंबी ही वनस्पतीच नव्हे. तिच्या पेशींच्या भिंती 'कायटिन' नावाच्या द्रव्याने बनलेल्या असतात. झुरळाचे किंवा खेकड्याचे कवच ज्या द्रव्याचे असते, तेच हे द्रव्य. उष्णतेने ते सहजासहजी विरघळत नाही. त्यामुळे अळंबी मऊ होते, रसाळ होते, पण आपला आकार सोडीत नाही.

झाकून शिजवण्याची ही कल्पना फॉइलबरोबर जन्मास आलेली नाही. फॉइल काल आले. कल्पना फार जुनी आहे. जपानच्या हिदा या डोंगरी प्रदेशात 'होओ' नावाचा मॅग्नोलियाच्या जातीचा वृक्ष असतो. त्याची पाने हातभर लांब वाढतात. शरदात गळलेली ही पाने वेचून ठेवतात, आणि त्या वाळक्या पानावर सोयाबीनचा आंबवलेला 'मिसो', पातीचा कांदा आणि अळंबी ठेवून पान निखाऱ्यांवर भाजतात. पानाचा गंध पदार्थात उतरतो. मात्सुताकेचा सुगंध निसटू नये म्हणून ती मातीच्या लहानशा किटलीत रसासह उकडण्याचीही तिकडे रीत आहे. झाकण उघडताच प्रथम सुगंध घ्यायचा, मग रस प्यायचा. कोकणातल्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही. तांदळाच्या पिठाची पानगी केळीच्या दोन पानांत थापून तव्यावर भाजतात, आणि हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, त्या याच हेतूने. जे कोवळे आहे, सुगंधी आहे, त्याला विस्तवाशी एकदम गाठ घालू देऊ नये. मध्ये कोणीतरी मायेचे आड असावे, ही जाण दोन्हीकडच्या चुलींना सारखीच आहे.

पुडी तव्यात गेली की घरातील लहान मुलांची खरी परीक्षा सुरू होते. आत काय चालले आहे ते दिसत नाही. थोड्या वेळाने बारीक सूं-सूं ऐकू येते. "आजी, उघडू का?" असे दर मिनिटाला विचारले जाते आणि "थांब, अजून नाही," एवढेच उत्तर मिळते. उघडली, तर वाफ निघून जाईल. गेलेली वाफ परत कोंडता येणार नाही. आजीला हे ठाऊक असते. ती पुडीकडे पाहतही नाही. शांतपणे भाताची भांडी मांडीत असते.

पुडीसाठी पंधरा मिनिटे थांबणे मुलांना जड जाते. पण ओंडक्यावर वाढलेली एखादी शिइताके त्या पुडीपर्यंत येऊन पोचायला दोन वर्षे लागलेली असतात, आणि त्या दोन वर्षांमागे पिढ्यान्‌पिढ्यांची दुसरीच एक वाट पाहणी उभी असते.

जपानच्या दक्षिणेकडे क्यूशू हे मोठे बेट आहे. त्यावरील ओइता हा प्रांत वाळवलेल्या शिइताकेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील बोलीत अळंबीला 'नाबा' म्हणतात. शेतीला सपाट जमीन थोडी, डोंगर पुष्कळ; म्हणून तेथील शेतकरी रानातल्या लाकडावर शिइताके पिकवू लागले. त्यांची जुनी रीत अशी होती. ओकच्या जातीची झाडे तोडायची, त्यांच्या ओंडक्यांवर कोयत्याने खाचा पाडायच्या आणि ते ओंडके रानाच्या सावलीत मांडून ठेवायचे. अळंबीला बी नसते. तिच्या छत्रीखालच्या पडद्यांतून धुळीहून सूक्ष्म असे असंख्य बीजाणू वाऱ्यावर उडतात. त्यांतले काही त्या खाचांत पडले, त्यांना हवी तेवढी ओल मिळाली आणि दुसऱ्या बुरशीने आधी ठाण मांडले नाही, तर लाकडात शुभ्र तंतूंचे जाळे पसरे आणि कालांतराने अळंबी उगवे. या साऱ्या 'तर'मधला एकही शेतकऱ्याच्या हाती नव्हता. बीजाणू पडले की नाही, हे डोळ्यांना दिसत नसे. तो खाचा पाडी, ओंडके मांडी आणि वाट पाही. एखाद्या वर्षी ओंडके अळंबीने लगडत आणि घरात पैसा येई. पुष्कळदा दोन-तीन वर्षे गेली तरी ओंडके कोरडेच राहत. मग तोडलेली झाडे वाया गेलेली असत, काढलेले कर्ज डोक्यावर बसलेले असे, आणि घर-जमीन सोडून जाण्याची पाळी येई.

मोरी किसाकु यांचा जन्म 1908 मध्ये गुन्मा प्रांतातील किर्यू या गावी झाला. जपानी रिवाजाप्रमाणे 'मोरी' हे त्यांचे आडनाव. क्योतो येथील विद्यापीठात ते शेतीशास्त्र शिकत होते. विद्यार्थी असताना ते पाहणीसाठी ओइतामधील एका डोंगरी खेड्यात गेले. तेथे त्यांनी जे पाहिले, ते त्यांना आयुष्यभर विसरता आले नाही. एक शेतकरी ओंडक्यांपुढे हात जोडून प्रार्थना करीत होता. तो अळंबीची विनवणी करीत होता की, बाई, तू उगव. तू उगवली नाहीस तर मला गाव सोडून जावे लागेल.

त्या शेतकऱ्याच्या श्रमात उणीव नव्हती. झाडे त्याने तोडली होती, ओंडके त्याने वाहिले होते, खाचा त्याने पाडल्या होत्या. उणीव होती ती एका ज्ञानाची. आणि ते ज्ञान मिळवणे हे त्याच्या एकट्याच्या आवाक्यातले काम नव्हते. तरुण मोरी यांना हे उमगले. शिइताकेचे बीजाणू वाऱ्यावर सोडून न देता ते ओंडक्यात हमखास कसे रुजवता येतील, या एकाच प्रश्नाचा त्यांनी ध्यास घेतला. या दिशेने त्यांच्यापूर्वीही काही संशोधकांनी प्रयत्न केले होते. मोरी यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि 1942 मध्ये त्यांना हवे ते साधले. लाकडाच्या लहान लहान पाचरी करायच्या, त्या निर्जंतुक करायच्या आणि त्यांवर शिइताकेचे शुद्ध तंतू वाढवायचे. मग शेतकऱ्याने ओंडक्याला खाच पाडून तीत ही पाचर ठोकायची. पाचरीतले तंतू ओंडक्यात शिरतात आणि लाकडाला आपले अन्न करतात. बीजाणू पडेल की नाही, हा प्रश्नच उरला नाही. एवढीशी पाचर ती काय! पण तिने शेतकऱ्याच्या घराचा वासा सावरून धरला. महायुद्ध संपल्यानंतर ही पद्धत जपानभर पसरली. मोरी किसाकु 1977 मध्ये वारले.

पाचर आली म्हणून वाट पाहणे संपले नाही, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाचर ठोकल्यावरही ओंडके सावलीत मांडावे लागतात, त्यांची ओल सांभाळावी लागते, आणि पहिली अळंबी दिसायला दीड-दोन वर्षे लागतात. ओइतामधील कुनिसाकी द्वीपकल्पात यासाठी 'कुनुगी' नावाचा ओक वापरतात. तोडलेल्या बुंध्यातून तो पुन्हा फुटतो, आणि सुमारे पंधरा वर्षांत नवे झाड तोडणीला येते. झाडे, तळी आणि अळंबी यांचा असा मेळ तेथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2013 मध्ये त्या प्रदेशाला जागतिक महत्त्वाच्या शेती-वारशाचा मान दिला. आज बाजारात येणारी ताजी शिइताके बहुतेक लाकडाच्या भुशाच्या ठोकळ्यांवर, बंद खोल्यांत वाढवलेली असते आणि ती काही महिन्यांतच तयार होते. वाळवणीच्या शिइताकेसाठी मात्र पुष्कळ शेतकरी अजून ओंडक्यांचीच वाट धरतात.

वीज कडाडली की अळंबी भरघोस येते, अशी जपानी शेतकऱ्यांची जुनी समजूत आहे. ती निव्वळ भोळेपणाची म्हणून कोणी सोडून दिली असती. पण इवाते विद्यापीठातील संशोधकांनी ओंडक्यांना विजेचे क्षणिक, जोरदार झटके देऊन पाहिले, तेव्हा शिइताकेचे पीक खरोखरच वाढलेले आढळले. ज्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याची नजर किती बारीक झालेली असते, हे यावरून दिसून येते. त्याला कारण ठाऊक नव्हते. पण त्याने पाहिले होते ते खरे होते.

वाट पाहण्याचे असे दोन प्रकार आहेत. एक अगतिक. पुढे काय होणार हे ठाऊक नाही, करण्याजोगे काही उरलेले नाही, म्हणून माणूस हात जोडून बसतो. दुसरी जाणती. जे करावयाचे ते नीट करून झाले आहे, आत काय घडते आहे याची समज आहे, आणि घाई केली तर बिघडेल हेही कळते, म्हणून माणूस स्वस्थ राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच निष्क्रिय दिसतील. ओंडक्यापुढे बसलेला तो शेतकरी पहिल्या प्रकारची वाट पाहत होता. पाचर ठोकून घरी जाणारा त्याचा नातू दुसऱ्या प्रकारची वाट पाहतो. या दोहोंमधले अंतर तोडले ते एका माणसाच्या करुणेने, आणि त्या करुणेने घेतलेल्या कष्टांनी. नुसती करुणा असती, तर मोरी शेतकऱ्याशेजारी बसून रडले असते. नुसती विद्या असती, तर त्यांना तो शेतकरी दिसलाही नसता.

एवढ्यात पुडी टम्म फुगलेली असते. आजी ती अलगद बशीत काढते आणि प्रत्येकापुढे एकेक ठेवते. मधली दुमड उघडताना तोंड दूर ठेवावे लागते, कारण कोंडलेली वाफ एकदम वर येते आणि हात भाजू शकतो. त्या वाफेबरोबर ओल्या रानाचा, पावसाचा, लोण्याचा असा संमिश्र गंध घरभर दरवळतो. तळाशी दोन चमचे रस साचलेला असतो. तो कोणी ओतला नव्हता; तो अळंबीचाच होता. त्यावर सोया सॉसचे काही थेंब शिंपडतात आणि 'सुदाची' किंवा 'काबोसु' नावाचे हिरवे, लिंबासारखे फळ पिळतात. आंबट रस पुडी उघडल्यावरच घालतात, कारण आंबटाचा ॲल्युमिनियमवर परिणाम होतो. काबोसु हे फळही ओइताचेच.

सोया सॉसच्या त्या थेंबांतही एक शास्त्र आहे. 1908 मध्ये, म्हणजे मोरी यांच्या जन्माच्याच वर्षी, इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशेवाळाच्या रसातून एक निराळी चव शोधून काढली. गोड, आंबट, खारट आणि कडू या चवींहून वेगळी असलेली ती चव ग्लुटामेट नावाच्या द्रव्यामुळे येते. तिला त्यांनी 'उमामी' असे नाव दिले. पुढे 1957 मध्ये कुनिनाका आकिरा यांनी ग्वानिलेट या दुसऱ्या द्रव्यातही ही चव असल्याचे दाखवले; शिइताकेत असते ते हेच. ही दोन द्रव्ये एकत्र आली की चवीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असते, अळंबीत ग्वानिलेट. दोन थेंबांनी सारी पुडी खुलते ती यामुळे.

खाण्यापूर्वी जपानी माणसे हात जोडतात, किंचित मान लववतात आणि 'इतादाकिमासु' म्हणतात. हे अन्न नम्रपणे स्वीकारीत आहे, असा त्या शब्दाचा भाव आहे. तो शब्द कोणा एकाला उद्देशून नसतो. ज्यांनी शिजवले, ज्यांनी पिकवले, आणि ज्या जिवांचे अन्न झाले, त्या सर्वांना तो पोचतो. ओइताच्या रानात एका शेतकऱ्याने अळंबीपुढे हात जोडले होते, ते भीतीने. वाफाळत्या पुडीपुढे मुले हात जोडतात, ती कृतज्ञतेने. मुलांना त्या शेतकऱ्याचे नाव ठाऊक नसते, पाचरीची गोष्टही बहुधा ठाऊक नसते. ती भुकेली असतात आणि पहिला घास घ्यायला उतावीळ झालेली असतात. तरीही क्षणभर ती थांबतात. आणि मगच काड्या उचलतात.